'नंतर' आणि 'मुळे'

मराठीत 'नंतर' आणि 'मुळे' ही दोन साधी शब्दयोगी अव्यये आहेत. शालेय व्याकरणात पहिले कालवाचकांच्या रकान्यात बसते, दुसरे करणवाचकांच्या. दोन्ही नामाला मुकाट्याने चिकटतात आणि वाक्यात फारशी जागाही अडवत नाहीत. तरीही आपल्या व्यवहारातले कितीतरी अन्याय एका अव्ययाच्या जागी दुसरे बसवल्याने होत असावेत असे मला अलीकडे वाटू लागले आहे. अमुक गोष्टीनंतर तमुक घडले, एवढे डोळ्यांना दिसते. अमुक गोष्टीमुळे तमुक घडले, हे मात्र दिसत नाही; ते सिद्ध करावे लागते. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली 'आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल'मध्ये कथा आणि कथानक यांत जो भेद केला, तो मुळात याच दोन अव्ययांमधला भेद होता: कथेला कालक्रम पुरतो, कथानकाला कार्यकारणभाव लागतो. साहित्याच्या वर्गात हा भेद आपण दरवर्षी शिकवतो. परीक्षेत त्यावर टीपही विचारतो. वर्गाबाहेर पडल्यावर मात्र मिळेल त्या कथेचे हातोहात कथानक करून टाकतो.

या भेदाचा विचार करायला एक अगदीच गद्य वस्तू मला उपयोगी पडली. मोटारीच्या डॅशबोर्डावर इंजिनाच्या आकृतीचा एक पिवळा दिवा असतो. चावी फिरवली की क्षणभर लागतो आणि इंजिन सुरू झाले की विझतो. एरवी वर्षानुवर्षे तो दिसत नाही. एखाद्या दिवशी मात्र चालत्या गाडीत तो अचानक लागतो आणि विझत नाही. पुष्कळदा तो नेमका पेट्रोल भरून निघाल्यावर लागतो. मग 'नंतर'चे 'मुळे' व्हायला एक किलोमीटरही लागत नाही.

आधी या दिव्याविषयी थोडे सांगायला हवे, कारण तो कशासाठी आहे याबद्दलच गैरसमज फार आहे. तो चालकाच्या सोयीसाठी जन्माला आलेला नाही. तो हवेसाठी जन्माला आला. लॉस एंजेलिसवर साठणारे धुरके गाड्यांच्या धुरातून आणि पेट्रोलच्या वाफांतून सूर्यप्रकाशात तयार होते, हे आरी हागेन-स्मित या रसायनशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात दाखवून दिले. पुढे कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने १९८८च्या गाड्यांपासून असा नियम केला, की प्रदूषण रोखणारी यंत्रणा बिघडली तर ते गाडीनेच ओळखावे आणि सांगावे. १९९६पासून अमेरिकेतल्या सर्व नव्या मोटारींना याच नियमाची दुसरी, अधिक कडक आवृत्ती लागू झाली. भारतात बीएस-४ मानकांबरोबर २०१०पासून आधी निवडक शहरांत, २०१७पासून देशभर आणि मग २०२०पासून बीएस-६बरोबर ही स्वयंनिदानाची व्यवस्था नव्या गाड्यांत आली. म्हणजे हा दिवा लागतो तेव्हा त्याचा पहिला अर्थ 'तुम्ही धोक्यात आहात' असा नसून 'तुमच्यापासून हवेला धोका आहे' असा असतो. तो सतत लुकलुकू लागला तर गोष्ट वेगळी. तेव्हा सिलिंडरात इंधन नीट पेटत नसते, न जळलेले पेट्रोल धुराड्यातल्या उत्प्रेरकावर जाऊन त्याला जाळत असते, आणि गाडी लवकर थांबवणेच शहाणपणाचे ठरते. स्थिर दिवा मात्र केवळ 'वाचा' असे म्हणतो. काय वाचा, ते तो सांगत नाही.

चिन्हमीमांसेच्या भाषेत सांगायचे तर येथे चिन्ह एक आणि चिन्हिते शेकडो आहेत. दिव्याच्या मागे संगणकाच्या स्मृतीत एक क्रमांक लिहिलेला असतो. स्कॅनर जोडल्याशिवाय तो वाचता येत नाही. आणि वाचल्यावरही तो कारण सांगत नाही, निरीक्षण सांगतो. 'पी ०१७१' म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडते आहे. 'पी ०१७२' म्हणजे पेट्रोल जास्त होते आहे. 'पी ०३००' म्हणजे सिलिंडरांत कुठेतरी ज्वलन चुकते आहे. कशाने, हे शोधणे माणसाचे काम. सुटा भाग बदलून मोकळे होणारे गॅरेज आणि कोशातला अर्थ लिहून मोकळे होणारे रसग्रहण यांच्यातले साम्य शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

२०२५च्या श्रावणातली गोष्ट. दाजी, ताई आणि मी सांगलीहून पुण्याला निघालो होतो. गाडी दाजींची, जुनी पण निगुतीने राखलेली. महामार्गावरच्या एका पंपावर त्यांनी टाकी फुल्ल करायला सांगितली. पेट्रोल भरणारा मुलगा विशीतला असेल. नोझल आपोआप बंद झाले तेव्हा तो म्हणाला, "ऑटो कट झालं, साहेब." दाजी म्हणाले, "अजून बसतंय. हळूहळू सोड. राऊंड फिगर कर." त्याने अजून दोनदा-तीनदा नोझल दाबले. पैसे देऊन आम्ही निघालो. गाडी सुरू होताना थोडी खोकली, आणि दहाएक किलोमीटरवर तो पिवळा दिवा लागला.

दाजींनी गाडी बाजूला घेतली. "पाणी आहे पेट्रोलात," ते म्हणाले. "नाहीतर ते इथेनॉल. पोरानं काहीतरी केलंय. चल मागं."

दाजींचा संशय हवेतून आला नव्हता, हे येथे नोंदवले पाहिजे. या राज्यात इंधनाच्या भेसळीला रक्ताचा इतिहास आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ, भेसळीचा प्रकार पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. ज्यांनी ती बातमी त्या दिवसांत वाचली, त्यांचा पंपावरचा विश्वास पूर्ववत झाला नसेल तर त्यांना दोष देता येणार नाही. इथेनॉलचीही गोष्ट ताजी होती. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट देशाने त्याच वर्षी गाठले होते आणि त्या पावसाळ्यात जुन्या गाड्यांचे काय होणार हाच जिथे तिथे विषय होता. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणून मायलेज काहीसे घटते, हे खरे. ते पाणी ओढते, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले तर पाणी व इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळे होतात, हेही खरे. दाजींचा तीन एकर ऊस ज्या कारखान्याला जातो, त्याच्या डिस्टिलरीत हेच इथेनॉल तयार होते. पण तो विषय त्या क्षणी काढण्यासारखा नव्हता.

सर्वसाधारण सत्य हे विशिष्ट प्रसंगाचा पुरावा नसते, ही अडचण मात्र तशीच होती. भेसळ होते, हे खरे. म्हणून या टाकीत भेसळ आहे, हे त्यातून निघत नाही. शोषण असते, हे खरे. म्हणून या कथेतला प्रत्येक सावकार शोषक आहे असे कथा न वाचता म्हणता येत नाही, तसेच हे.

पंपावर परत गेल्यावर दाजींनी आपल्या हक्काच्या सगळ्या गोष्टी मागितल्या, आणि व्यवस्थापकाने कुरकुर न करता दिल्या. ग्राहकाने मागितल्यास फिल्टर पेपरची चाचणी करून दाखवावी लागते आणि घनता मोजून दाखवावी लागते. कागदावर पेट्रोलचा थेंब टाकला. तो उडून गेला आणि मागे डाग राहिला नाही. रॉकेल किंवा डिझेल मिसळलेले असते तर डाग राहिला असता. घनता मोजली; पंधरा अंश सेल्सिअसच्या हिशेबाने आकडा सकाळच्या नोंदीशी जुळला. तीन एककांपर्यंतचा फरक चालतो. येथे तेवढाही नव्हता. दाजींचे समाधान झाले नाही. "कागद त्यांचा, काचेची नळी त्यांची, वही त्यांची," ते म्हणाले. यातही तथ्य होते. शिवाय कागदाची चाचणी पाणी किंवा इथेनॉल पकडत नाही. व्यवस्थापकाने तक्रारवही पुढे केली. तो मुलगा बाजूला उभा होता. व्यवस्थापक त्याच्याकडे न बघताच म्हणाला, "साहेब, तुम्ही लिहा. याचा आजचा खाडा मांडतो, आणि वरून काय आलं तर उद्यापासून याला बंद करतो."

मुलगा काही बोलला नाही. त्याच्या शर्टाच्या खिशाला पेन होते. ते त्याने काढून आमच्यापुढे धरले.

दाजींनी ते माझ्याकडे सरकवले. "मास्तर, तू लिही. तुझं मराठी बरं आहे. लिही: भेसळयुक्त पेट्रोलमुळे गाडीत बिघाड झाला."

मी लिहिले: "पेट्रोल भरल्यानंतर सुमारे दहा किलोमीटरवर इंजिनाचा दिवा लागला." तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक, पावतीचा क्रमांक.

दाजींनी वाचले. "हे काय? 'मुळे' कुठंय?"

"दाजी, 'मुळे' अजून आपल्याला ठाऊक नाही. दिवा वाचून घेऊ. मग लागलं तर परत येऊन लिहू. वही काही पळून जात नाही."

"तुझ्या व्याकरणानं गाडी चालायची नाही," असे म्हणून त्यांनी सही केली. ते रागावले होते, पण वाक्य खोटे आहे असे त्यांना म्हणता येईना.

पुढच्या गावातल्या गॅरेजात मेकॅनिकने स्कॅनर जोडला. क्रमांक निघाला 'पी ०१७२'. पेट्रोल जास्त. आता हा क्रमांक कारण सांगत नसला तरी दिशा सांगतो, आणि दिशा हा मोठा पुरावा असतो. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू असतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जाळायला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, तर इथेनॉलच्या एका भागाला नऊच पुरतात. म्हणून इथेनॉल वाढले तर गाडीच्या संगणकाला पेट्रोल कमी पडते असे दिसते, जास्त नव्हे. पाणी असते तर ज्वलन चुकले असते, गाडी धक्के देत चालली असती आणि बहुधा तिसराच क्रमांक आला असता. आमचा दोष उलट्या दिशेला होता. हिशेबाबाहेरचे पेट्रोल कुठूनतरी इंजिनात शिरत होते.

मेकॅनिकने ताईला विचारले, "आधी कधी असं झालंवतं का?" गाडी कोणाचीही असो, डाव्या सीटवरच्या माणसाला जास्त आठवते. ताई म्हणाली, "दिवाळीपासून बघतेय. पंपावरनं निघताना गाडी अशीच खोकते. दोनदा सेल्फ मारायला लागतो. एरवी काही नाही." दाजींनी हे नाकारले नाही, त्यांना ते आजवर दोष म्हणून जाणवलेच नव्हते.

पेट्रोलच्या टाकीतून सतत वाफ निघत असते. ती हवेत जाऊ नये म्हणून कोळशाने भरलेला एक डबा असतो, तो कॅनिस्टर. वाफ त्या कोळशात मुरते, आणि इंजिन तापल्यावर एक छोटा व्हॉल्व्ह उघडून संगणक ती हळूहळू इंजिनात ओढून जाळतो. हा पर्ज व्हॉल्व्ह उघडा राहून चिकटला तर वाफ नको तेव्हाही इंजिनात जाते. पेट्रोल भरताना टाकीत वाफ सर्वांत जास्त असते, म्हणून असा रोग नेमका पंपावरून निघताना उठतो. त्यात नोझल आपोआप बंद झाल्यावरही पेट्रोल कोंबले तर वाफेच्या वाटेने खुद्द पेट्रोलच कॅनिस्टरात उतरते आणि कोळसा भिजतो. मेकॅनिकने व्हॉल्व्हची वायर काढली, नळी सोडवली आणि तोंडाने फुंकले. वीज नसताना हा व्हॉल्व्ह बंद असायला हवा. हवा आरपार गेली. मग नळीचे इंजिनाकडचे तोंड बंद करून गाडी चालू ठेवली, तेव्हा पडद्यावरचा पेट्रोलच्या दुरुस्तीचा आकडा उणे वीसच्या पलीकडून सरकत शून्याकडे येऊ लागला. दाजी त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

आयुर्वेदात रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. माधवकराच्या 'माधवनिदाना'चा आरंभच या पंचकापासून होतो. त्या गॅरेजात ही पाचही साधने एकापाठोपाठ एक वापरली गेली, हे मला नंतर उमगले. डॅशबोर्डावरचा दिवा हे रूप. ताईने दिवाळीपासून ऐकलेला खोकला हे पूर्वरूप. नळी बंद करून आकडा सुधारतो का ते पाहणे, म्हणजे उपचारानेच रोगाची खात्री करणे, हा उपशय. टाकी, कोळसा, व्हॉल्व्ह, इंजिन असा दोषाचा प्रवास जोडून दाखवणे ही संप्राप्ती. आणि चिकटलेला व्हॉल्व्ह व गळ्यापर्यंत टाकी भरण्याची सवय, हे निदान. यातले एकच साधन हाती असताना निकाल देऊ नये, एवढा विवेक त्या जुन्या वैद्यांकडे होता. आपण बहुतेक वेळा रूपावरून थेट निदानावर उडी मारतो. मधली संप्राप्ती कुणी विचारतच नाही.

दिव्याच्या उशिरा लागण्यातही एक पुरावा दडलेला होता, तो मेकॅनिकने सहज सांगून टाकला. या जातीचा दोष एकदा दिसला की गाडी लगेच दिवा लावत नाही. मनात नोंद करून ठेवते. पुन्हा वेगळ्या फेरीत तोच दोष दिसला तरच दिवा लागतो. पंपावर इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावरची ती पहिलीच फेरी होती. म्हणजे दोषाची पहिली नोंद हे पेट्रोल टाकीत पडण्याआधीच झालेली होती. ज्या पेट्रोलवर आम्ही आरोप ठेवत होतो, ते तेव्हा पंपाच्या भूमिगत टाकीत होते. या यंत्राचा संयम मला फार आवडला. एका प्रसंगावरून ते कुणाला दोषी ठरवत नाही. दोष सलग तीन फेऱ्यांत दिसला नाही तर ते दिवा आपोआप विझवते, आणि पुढे चाळीस वेळा इंजिन तापून निवेपर्यंत दोष परतला नाही तर स्मृतीतली नोंदही पुसून टाकते. माणसांच्या वहीत खाडा याहून लवकर मांडला जातो आणि याहून उशिरा पुसला जातो.

पुण्याला पोचल्यावर एका स्नेह्यांनी आत्मविश्वासाने सांगितले, की एवढे सगळे करायची गरज नव्हती. असा दिवा टाकीचे झाकण सैल राहिल्याने लागतो, घट्ट फिरवले की जातो. हा सल्ला जगभर फिरतो, आणि तो खोटा नाही; तो अमेरिकेचा आहे. तिथल्या नियमांनुसार गाडीला आपली इंधनयंत्रणा हवाबंद आहे की नाही हे स्वतः तपासावे लागते; २०००पासून तर अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राएवढी गळतीही पकडावी लागते. तिथे सैल झाकण म्हणजे मोठी गळती, तिच्यासाठी 'पी ०४५७' असा क्रमांकसुद्धा आहे. आपले नियम युरोपच्या वळणाने गेले. त्यामुळे ही गळती मोजणारी यंत्रणा आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत नसते. जी गाडी गळती मोजतच नाही, ती झाकणाबद्दल तक्रार कशी करील? परक्या भूमीत सिद्ध झालेला सिद्धांत इथल्या पाठ्याला जसाच्या तसा लावताना काय होते, यावर मराठी समीक्षेत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात या झाकणाचीही भर घालायला हरकत नाही. सिद्धांत चुकीचा नसतो; तो ज्या यंत्राविषयी होता, ते यंत्र आपल्यासमोर नसते.

'कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ' असे आपण म्हणतो. शास्त्रात यालाच काकतालीय न्याय म्हणतात. मग पेट्रोल भरणे आणि दिवा लागणे हा नुसता काकतालीय योग होता का? तसेही म्हणता येत नाही, आणि येथे गोष्ट खरी सूक्ष्म होते. पेट्रोल भरण्याचा आणि दिव्याचा संबंध होता, पण तो आम्हांला वाटला तो नव्हता. फांदी आधीच किडलेली होती, आणि कावळ्याचे वजनही अगदीच शून्य नव्हते.

नैयायिकांनी या सूक्ष्मतेसाठी एक शब्द घडवून ठेवला आहे: उपाधी. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'मुळे तो अनेकांना ठाऊक असेल. धुरावरून अग्नीचे अनुमान बरोबर. अग्नीवरून धुराचे अनुमान मात्र सदोष. कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. अग्नीला धूर यायला आणखी एक अट लागते, आणि ती अट म्हणजे ओल्या इंधनाचा संयोग. ही न बोललेली अट म्हणजे उपाधी. ती लक्षात घेतली नाही तर अनुमान दिसते बरोबर आणि असते चुकीचे. त्या सकाळी त्याच भूमिगत टाकीतून कितीतरी गाड्यांनी पेट्रोल घेतले असेल. त्या सगळ्यांचे दिवे लागले असते तर पंपावर रांग लागली असती. आमच्या गाडीत जी जास्तीची अट होती, तिचे नाव चिकटलेला व्हॉल्व्ह. इतक्या शतकांपूर्वी इंधनाच्याच ओलेपणावरून शिकवलेला धडा आपल्या पेट्रोलपंपावर इतका शब्दशः लागू पडावा, याचे मला हसूही आले आणि नवलही वाटले.

साहित्याच्या वर्गातही उपाधीकडे दुर्लक्ष करून काढलेली अनुमाने कमी नाहीत. बालकवींचे १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात निधन झाले. तेव्हापासून त्यांच्या उदास कवितांवर, विशेषतः 'औदुंबर'वर, त्या मृत्यूची सावली पडलेली आपल्याला दिसू लागते. कविता आधीची, मृत्यू नंतरचा. तरी आपण मृत्यूच्या उजेडात कविता वाचतो आणि जणू कवीला काही आधीच कळले होते असे सुचवतो. येथे 'नंतर'चे 'मुळे' होते तेही उलट्या दिशेने. हाच प्रकार लेखकाच्या चरित्रातून कादंबरी 'उलगडून' दाखवणाऱ्या प्रबंधांत असतो: आई गेली, नोकरी सुटली, गाव सोडले, आणि नंतर कादंबरी आली, म्हणून कादंबरी त्यामुळे आली. पण आया पुष्कळांच्या जातात, नोकऱ्या पुष्कळांच्या सुटतात; कादंबरी एखाद्यालाच होते. मग ती जास्तीची अट कोणती? अभ्यासाला खरी सुरुवात या प्रश्नापासून व्हायला हवी, आणि नेमक्या त्याच ठिकाणी आपल्या बहुतेक प्रबंधांचा निष्कर्ष येतो.

अर्थात, कवितेच्या चुकीच्या निदानाने कुणाचा रोज बुडत नाही. बालकवींना आता काही फरक पडत नाही आणि 'औदुंबर' आपल्या सगळ्या अर्थांना पुरून उरते. वर्गातली सवय मात्र वर्गात राहत नाही. ज्या घाईने आपण कवितेला कारण चिकटवतो, त्याच घाईने माणसाला दोष चिकटवतो. आणि माणसाजवळ कवितेएवढी सहनशक्ती नसते. पंपावर फिल्टर पेपर होता, घनतेची नोंद होती, कायदा ग्राहकाच्या बाजूने होता. हे सगळे असायलाच हवे, कारण भेसळ करणारे खरोखर असतात. पण या साऱ्या साधनांचा निकाल येण्याआधीच व्यवस्थापकाच्या हजेरीत शिक्षा तयार होती, आणि ती उतरंडीच्या तळाच्या माणसासाठी होती. भूमिगत टाकीत खरोखर पाणी असते तरी ते त्या मुलाने घातलेले नसते. टाकीची जबाबदारी त्याची नसते, टँकरची नसते, मिश्रणाची नसते. त्याच्या हातात फक्त नोझल असते, आणि नोझलने 'पुरे' म्हटल्यावर तसे सांगणारा त्या सकाळी तो एकटाच होता.

दाजींनी गॅरेजातूनच पंपावर फोन लावला. ते माफी मागणाऱ्यांतले नाहीत. "गाडीचा व्हॉल्व्ह गेला होता. पेट्रोल बरोबर आहे. त्या पोराचा खाडा मांडू नका," एवढेच म्हणाले आणि पलीकडून होकार येईपर्यंत त्यांनी फोन ठेवला नाही. मग माझ्याकडे वळून विचारले, "वहीतलं खोडायला परत जावं लागेल का?" जावे लागणार नव्हते. वहीत 'नंतर' लिहिले होते, आणि ते अजूनही खरे होते.

यावरून निर्णयच देऊ नये, सतत संशयात राहावे, असे कुणी म्हणेल तर मला ते मान्य नाही. दिवा लागल्यावर त्याच्याकडे काणाडोळा करणे हाही अन्यायच आहे. तो पुढे उत्प्रेरक जाळतो आणि इतरांच्या फुप्फुसांत उतरतो. मनमाडजवळ एका अधिकाऱ्याचा जीव गेला तो कोणीतरी 'मुळे' सिद्ध करायला निघाले होते म्हणूनच. कारण शोधायचे नाही असे ठरवले तर उतरंडीच्या माथ्यावरच्यांची फार सोय होते. म्हणून 'मुळे' हा शब्द टाळायचा नसून कमवायचा असतो. दिशा पाहायची, पूर्वरूप विचारायचे, शेजारच्या सीटवरून पाहणाऱ्याचे ऐकायचे, संप्राप्ती जोडायची, न बोललेली अट शोधायची, आणि मगच तो शब्द लिहायचा.

'मुळे' या अव्ययात मूळ दडलेले आहे. मुळे जमिनीखाली असतात. वरून चालणाऱ्याला ती दिसत नाहीत आणि खणल्याशिवाय सापडत नाहीत. खणायला वेळ लागतो. तो वेळ आपल्यापाशी नसेल तर निदान तेवढ्यापुरते 'नंतर'वर थांबावे. त्याने आपला अभिमान थोडा कमी होतो, पण वाक्य खरे राहते आणि वाक्याच्या दुसऱ्या टोकाला उभा असलेला माणूसही उभा राहू शकतो.